एफ-वन दाबायची सवय

“या बॅचले प्रिंटच देऊन टाका सरळ. या पोट्ट्यायच्यानं काही चालू व्हत नाही.”

आमचे विभागप्रमुख लॅबच्या दारात उभं राहून दुसऱ्या एका सरांना हे सांगत होते. आवाज दबका होता, पण नेमका तेव्हाच कूलर बंद पडला आणि वाक्य आत आलं. पहिल्या रांगेतल्या मुलींनी ते ऐकलं. मीही ऐकलं. मी फळ्याकडे तोंड करून उभी होते आणि हातातल्या मार्करचं टोपण उगाच काढत-लावत राहिले.

अमरावतीजवळच्या त्या इंजिनिअरिंग कॉलेजात लागून मला महिनाही झाला नव्हता. सकाळी अकोल्याहून गाडीने बडनेऱ्याला उतरायचं, तिथून ऑटोने कॉलेज, संध्याकाळी तसंच परत. नेमणूक वर्षावर्षाची. विषय ऑपरेटिंग सिस्टिमचा आणि त्याची प्रॅक्टिकल्स. कॉलेजच्या संगणकांवर विंडोज होतं, आमची प्रॅक्टिकल्स लिनक्सवरची. म्हणून प्रत्येक संगणकाच्या आत आणखी एक संगणक चालवायचा, व्हर्च्युअल मशीन. तो खरा नसतो. पडद्यावरच्या एका खिडकीत तो जन्मतो आणि खिडकी मिटली की संपतो.

त्या दिवशी तो जन्मतच नव्हता. मुलं चालू करून बसली होती. काळ्या खिडकीत पांढऱ्या ओळी एकेक करून सरकत होत्या, मध्येच थांबत होत्या. तेल्हाऱ्याची एक मुलगी होती. दहावीपर्यंत उर्दू माध्यम, मग डिप्लोमा, मग थेट दुसऱ्या वर्षाला इथे प्रवेश, आता शेवटच्या वर्षाला. वडिलांचं लेडीज टेलरिंगचं दुकान. ती हनुवटीखाली हात घेऊन म्हणाली, “मॅडम, ये मशीन है या बैलगाडी? आमच्या गावची एसटी बी याच्यापेक्षा लवकर येते.”

मुलं हसली. मी हसले नाही, कारण दारातलं वाक्य अजून माझ्या कानात होतं. लिनक्स सुरू होऊन लॉगिन येईपर्यंत तास संपला.

प्रिंट म्हणजे काय ते मला त्या आठवड्यात कळलं. लॅबच्या कपाटात एक गठ्ठा होता. पूर्वी कधीतरी एका विद्यार्थ्याने स्वतःच्या लॅपटॉपवर सगळी प्रॅक्टिकल्स केली होती, त्याच्या पडद्याचे फोटो. दरवर्षी त्यांच्या झेरॉक्स निघायच्या आणि फायलीत ‘आउटपुट’ म्हणून चिकटवल्या जायच्या. लिनक्समध्ये प्रत्येक ओळीच्या सुरुवातीला ती चालवणाऱ्याचं नाव येतं. त्यामुळे विभागातल्या सगळ्या फायलींमध्ये प्रत्येक उत्तराच्या आधी त्याच एका मुलाचं नाव. मुली, मुलं, सगळी त्याच नावाने पास झालेली. तपासणारे सह्या करत गेले. कुणालाही त्यात काही वावगं वाटलं नव्हतं.

मला राग आला, आणि राग आला की मी आणखी गप्प होते. घरी आई म्हणते, “ही पोरगी भांडत नाही, नुसती थंडी पडते.” शाळेत आम्ही वर्गात मराठी बोललो की फळ्यावर नाव लिहायचे. घरी वऱ्हाडी, शाळेत इंग्रजी. मी वाक्य ऐकायचे, मनात उलटवायचे, उत्तर तयार करायचे, परत उलटवायचे, आणि तोवर समोरचा दुसऱ्या विषयावर गेलेला असायचा. लोकांना वाटायचं की मला सुचत नाही.

पुढच्या प्रॅक्टिकलला मी मुलांच्या पडद्यांकडे नीट पाहिलं. खिडकीच्या तळाशी एक छोटी पिवळी ओळ यायची आणि मुलं ती सवयीने बंद करायची. मी एकीला म्हटलं, “थांब, राहू दे.” ओळ इतकंच सांगत होती की या संगणकावर प्रोसेसरची मदत उपलब्ध नाही, म्हणून सगळं काम सॉफ्टवेअरनेच केलं जात आहे.

हे जरा सोपं करून सांगावं लागेल, कारण पुढचा सगळा संताप त्यावरच उभा आहे.

आतल्या लिनक्सला वाटत असतं की हा प्रोसेसर आपला, ही मेमरी आपली. तो घरमालकासारखे हुकूम सोडतो. पण काही हुकूम फक्त खऱ्या मालकानेच द्यायचे असतात. ते पाहुण्याला देऊ दिले तर घर कोसळेल. जुनी रीत अशी होती की मध्ये एक सॉफ्टवेअर बसायचं. पाहुण्याचा मजकूर ते आधी वाचायचं, धोक्याचे हुकूम हुडकायचं, त्यांच्या जागी स्वतःचे निरुपद्रवी हुकूम लिहायचं आणि मगच तो मजकूर प्रोसेसरला द्यायचं. मेमरीचंही तसंच. कुठलं पान कुठे ठेवलंय याचा नकाशा पाहुणा बनवायचा, पण त्या जागा खऱ्या नसायच्या. मग मधलं सॉफ्टवेअर गुपचूप दुसरा, खरा नकाशा सांभाळायचं. पाहुण्याने त्याच्या नकाशात एक रेघ बदलली की सगळं थांबवून आपल्या नकाशात ती बदलायची. पुन्हा सुरू. पुन्हा रेघ. पुन्हा थांबा.

ही रीत वाईट नव्हती. ज्यांनी ती लिहिली ते फार हुशार लोक होते, आणि प्रोसेसरवाल्यांनी स्वतःची सोय पहिल्यांदा दिली तेव्हा काही कामांत हे भाषांतरच तिच्यापेक्षा वेगवान ठरत होतं. पण पुढे ती सोय सुधारत गेली. पाहुण्यासाठी प्रोसेसरच्या आतच वेगळी जागा झाली. तो तिथे थेट चालतो, खरंच धोका असेल तिथेच अडवला जातो, आणि दोन्ही नकाशे प्रोसेसर स्वतः वाचतो. मध्ये कुणाला बसावं लागत नाही.

साधी बेरीज-वजाबाकी जुन्या रीतीतही जवळजवळ त्याच वेगाने होते. हाल होतात ते मालकाचे हुकूम सतत द्यावे लागतात तिथे, म्हणजे लिनक्स सुरू होताना, नवनवीन प्रोसेस तयार करताना, मेमरी वाटताना. आणि आमची सगळी प्रॅक्टिकल्स नेमकी त्याचीच. जिथे गाडी सर्वांत जास्त अडते तिथेच आम्ही मुलांना रोज ढकलत होतो आणि वर त्यांनाच मंद म्हणत होतो.

कॉलेजचे संगणक इतके जुने नव्हते. त्यांच्या प्रोसेसरमध्ये ही सोय असायलाच हवी होती. मी एक संगणक पुन्हा चालू केला आणि विंडोज यायच्या आधी एफ-टू दाबून सेटिंगमध्ये, म्हणजे बायोसमध्ये, गेले. पासवर्ड नव्हता. इथे कुणी कधी येईल असं कुणाला वाटलंच नसावं. निळ्या पडद्यावर व्हर्च्युअलायझेशनची ओळ होती आणि तिच्यापुढे लिहिलं होतं: बंद.

मी ती चालू केली, बाहेर आले, लिनक्स लावलं. तेल्हाऱ्याची मुलगी शेजारी उभी होती. लॉगिन आल्यावर तिने एकदा पडद्याकडे आणि एकदा माझ्याकडे पाहिलं. “बाप्पा,” एवढंच म्हणाली.

संध्याकाळी थांबून मी सगळ्या संगणकांवर ते चालू केलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी विभागप्रमुखांना बोलावून आणलं. माझ्यासाठी हे सोपं नव्हतं. त्यांच्या केबिनच्या दारात कितीतरी वेळ उभी होते. ते आले, सोबत आणखी दोन सर आले. मी खिडकी उघडली. ओळी सरकू लागल्या. थांबल्या. पुन्हा सरकल्या. तळाशी तीच पिवळी ओळ.

“मॅडम,” विभागप्रमुख म्हणाले, “हे कालच्या सपनात चालू झालं व्हतं का?”

बरोबरचे सर हसले. मी सेटिंग उघडून दाखवायला गेले, तर तिथे ‘बंद’. मी स्वतः चालू केलेलं. सांगायचं होतं ते इंग्रजीत तयार होतं, ते मराठीत येईपर्यंत विभागप्रमुख दारापर्यंत पोचले होते. तिथून वळून म्हणाले, “अन् त्या बायोसमदे हात घालू नका यापुढं. एखादी मशीन बसली तं जिम्मेदार कोण? पोट्ट्यायले तं मुळीच शिकवू नका.”

कारण कळायला मला फक्त एक सकाळ लवकर यावं लागलं.

लॅबमध्ये एक भाऊ होते, लॅब उघडणं, झाडणं, बंद करणं त्यांच्याकडे. त्यांनी भिंतीवरचा मेन स्विच वर केला. संगणक जागे झाले आणि प्रत्येकावर एक काळा पडदा आला. तारीख-वेळ हरवली आहे, पुढे जायला एफ-वन दाबा, सेटिंगसाठी एफ-टू. भाऊ एका टोकापासून निघाले. एफ-वन, एफ-वन, एफ-वन. लसूण सोलावा तसं, न बघता, गाणं गुणगुणत.

“भाऊ, हे रोज येतं?”

“रोज. मशीन राम राम करते तुमाले. एफ-वन मारा, पुढं व्हा.”

“आणि मेन रोज बंद करता?”

“मंग? संध्याकाळी बंद, जेवायच्या सुट्टीत बंद. मागं एक वायर जळली व्हती तं मेमो मले भेटला. मशीनले नाही भेटला.”

संगणकाच्या आत मदरबोर्डवर नाण्याएवढा एक सेल असतो. वीज नसताना तोच तारीख आणि सेटिंग जपून ठेवतो. आमच्या लॅबमधले सगळे सेल मेले होते. अमरावतीच्या उन्हाळ्यात पत्र्याच्या छताखाली काय टिकणार. मेन खाली गेला की संगणक सगळं विसरत होते आणि कारखान्यातून निघाले त्या अवस्थेला परत जात होते. त्या अवस्थेत ती सोय बंद असते. आणि रोज सकाळी ते स्वतःच, इंग्रजीत, सगळ्यांसमोर तसं सांगत होते. विभागातल्या प्रत्येकाने, सरांनी, मुलांनी, भाऊंनी, ते वाक्य न वाचता पुढे जायला शिकून घेतलं होतं. पहिल्या वर्षाच्या मुलांना हेच पहिलं शिकवलं जायचं: एफ-वन दाबा.

भाऊंवर मला राग नव्हता. त्यांना मेमो मिळाला होता, त्यांचं भय खरं होतं. राग होता तो ज्यांना ते वाक्य वाचता येत होतं त्यांचा. मी सेल बदलायचं बोलले तर स्टोअरमधून विचारणा झाली, “मशीन चालू होते ना?” होते. “मग खराब कुठाय?” चालू होणारी वस्तू खराब मानायची रीत कॉलेजात नव्हती. विभागप्रमुखांना दुसऱ्यांदा विचारायची हिंमत मी केली तेव्हा ते कुठल्याशा समितीच्या तयारीत होते. मान वर न करता म्हणाले, “प्रिंट आहेत ना?”

मग मी सांगणं बंद केलं आणि करणं सुरू केलं. प्रॅक्टिकलच्या दिवशी आधीची गाडी पकडायची आणि भाऊंच्या मागोमाग जायचं. त्यांनी एफ-वन दाबायच्या आत मी एफ-टू. पण एकटीने तेवढे संगणक होईनात. तेल्हाऱ्याची मुलगी कॉलेजच्या मागेच खोली करून राहायची. एक दिवस ती दारात उभी.

“मॅडम, मले दाखवा. दोघी मिळून करू.”

विभागप्रमुखांचं वाक्य मला शब्दाशब्दाने आठवत होतं. मी तिला दाखवलं. कुठली ओळ, का, बाकी कशालाच हात लावायचा नाही, कसं जपून बाहेर पडायचं. ती एकदा पाहून शिकली. तिला मी पाहुण्याची गोष्ट सांगितली तेव्हा म्हणाली, “म्हंजे आपलं लिनक्स भाड्यानं राहून राह्यलं, अन् त्याले वाटते घर त्याच्या अब्बाचं हाय.”

“साधारण तेच.”

“माह्यासारखंच मंग. माही घरमालकीण बी मधी बसून सगळं ऐकते.”

त्या सत्रात आमच्या बॅचने प्रॅक्टिकल्स केली. चुका केल्या, प्रोसेस अडकवल्या, मेमरी संपवली, व्हर्च्युअल मशीन कोसळवली आणि पुन्हा उभी केली. फायलीत ज्याचं त्याचं नाव आलं. तेल्हाऱ्याची मुलगी स्वतःच्या नावाची ओळ आधी किती वेळ नुसती बघत बसली होती. मला तेव्हाही आनंद कमी आणि राग जास्त होता. एवढ्यासाठी चोरासारखं यावं लागत होतं.

परीक्षेच्या आधी तिची एका कंपनीत निवड झाली. अट एकच, कुठलाही विषय राहता कामा नये. वडिलांनी दुकान एक दिवस बंद ठेवून सगळ्या आळीला चहा पाजला, असं ती हसत सांगत होती. प्रॅक्टिकलला नापास झालं तर पुन्हा बसायला पुढचं सत्र उजाडतं. तोवर कंपनी थांबत नाही.

परीक्षेच्या दिवशी सकाळची बॅच छान झाली. बाहेरून आलेले परीक्षक, आम्ही त्यांना एक्स्टर्नल म्हणतो, शांत गृहस्थ होते. मी भाऊंना बजावलं होतं की आज दुपारी मेन बंद करू नका. त्यांनी मान डोलावली. पण बाहेरचा पाहुणा आला की धाकट्या माणसाने जेवताना पानाशी थांबायचं, ही आमच्या विभागाची रीत. मी एक्स्टर्नलांना पातोडीचा रस्सा वाढत असताना दुसऱ्या एका सरांनी लॅबचा कूलर तापल्याचं पाहून भाऊंना हाक मारली. भाऊ बिचारे काय करणार. मेन खाली आला, थोड्या वेळाने वर गेला.

मी परत आले तेव्हा दुपारची बॅच बसली होती. एफ-वन दाबून झालं होतं. सगळीकडे ओळी रखडत होत्या. मुलं माझ्याकडे बघत होती, आणि आता सेटिंग उघडायचं तर सगळ्यांसमोर.

तेल्हाऱ्याच्या मुलीने वाट पाहिली नाही. तिने तिचा संगणक बंद करून चालू केला आणि एफ-टू दाबलं.

निळा पडदा लांबूनही ओळखू येतो. विभागप्रमुख दोन ढांगांत तिच्यापाशी पोचले. “हे काय? हे काय करून राहिली तू? बायोसमदे घुसली?” तिने हात वर घेतले. “ऊठ. ऊठ आधी.” ती अर्धवट उठली. ते एक्स्टर्नलांकडे वळले. “सर, परीक्षेत मशीनशी छेडछाड. हिचा पेपर नका घेऊ. शून्य टाका आन् मालप्रॅक्टिसमदे लिहा. ह्या लोकायले सवयच असते.”

ह्या लोकायले. ते म्हणताना त्यांनी आवाजही खाली आणला नाही.

एक्स्टर्नल चष्मा काढून म्हणाले, “का गं, कुणी सांगितलं तुला हे करायला?”

तिने फक्त एक शब्द म्हणायचा होता: ‘मॅडम’. ती नजर खाली घालून उभी राहिली आणि बोलली नाही. माझ्याकडे तिने एकदाही पाहिलं नाही. पाहिलं असतं तर सगळ्यांना कळलं असतं, हे तिला ठाऊक होतं. मला वाचवत होती ती. नोकरी तिचीही जाणार होती, पण ती माझी वाचवत होती.

“बोल ना,” विभागप्रमुख म्हणाले. “आता काहून तोंड शिवलं?”

एक्स्टर्नलांनी पेनाचं टोपण काढलं.

मी मुलांच्या रांगेतून पुढे गेले. तिच्या खुर्चीची पाठ धरली. माझा आवाज एवढा मोठा असतो हे मलाच माहीत नव्हतं.

“तिले उठवू नका, सर. हे मी शिकवलं तिले, तुमी नाही म्हणल्यावर शिकवलं. ते बटन चालू केल्याबिगर ही मशीन चालत नाही, अन् ते कोणाच्यानं चालू झालं नाही म्हणून तुमी इतके वर्ष पोट्ट्यायले मंद म्हणून राहिले. लिहायचं असन तं माह्यं नाव लिहा. अन् तू बस. बस खाली, पेपर दे.”